कीबोर्ड संपणार? मला नाही वाटत

‘आता सगळं मोबाइलवरच, कीबोर्ड कशाला?’ हे हल्ली फार ऐकू येतं. मोबाइलचा वेग खरंच वाढलाय. 2019 मध्ये 37 हजारांहून अधिक लोकांच्या टायपिंगचा अभ्यास झाला. त्यात टचस्क्रीनवरचा सरासरी वेग मिनिटाला 36 शब्दांच्या आसपास निघाला, दोन्ही अंगठे वापरणाऱ्यांचा थोडा जास्तच. कॉम्प्युटरवरची सरासरी 52 च्या घरात आहे, म्हणजे अंतर घटतंय.

पण काचेवर बोटाला काहीच लागत नाही. कीबोर्डच्या F आणि J वर बारीक उंचवटे असतात, हात फिरवून बघा. तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची बोटं आपोआप जागेवर येतात आणि नजर मजकुरावर राहते. टचस्क्रीनवर नजर सारखी खाली जाते, चुका ऑटोकरेक्टवर सोपवाव्या लागतात.

मराठीसाठी तर मी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीचाच आग्रह धरेन. स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. K वर क, शिफ्टसोबत ख. N वर ल, शिफ्टसोबत ळ. हलन्त D वर, म्हणून जोडाक्षरं भराभर होतात. रोमनमधून मराठी उमटवताना न-ण, ल-ळ निवडण्यात जो वेळ जातो, तो इथे वाचतो.

छोटे निरोप मोबाइलवर आणि बोलून टाइप करण्यावर जातील. लेख, हिशेब, कोडिंग मात्र कीबोर्डवरच राहील असं मला ठामपणे वाटतं. विंडोज आणि लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट आधीपासूनच असतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा आणि सुरुवात करा.