सांगाडा सोलिहलचा, इंजिन महिंद्राचं

दार्जिलिंग जिल्ह्यात नेपाळच्या हद्दीला खेटून मानेभंजन नावाचं गाव आहे. तिथून एक रस्ता टुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी करत ३६३६ मीटर उंचीच्या संदकफूला चढतो. अंतर जेमतेम ३१ किलोमीटर, पण कित्येक वर्षं हा रस्ता म्हणजे नुसते दगड होते. डांबर नाही, माती नाही; माणसाच्या डोक्याएवढे गोटे आणि त्यांच्यावरून हिंदकळत जाणारी एकच जात, लँड रोव्हर. तीही आजची मॉल-पार्किंगमधली नव्हे. १९४८ ते १९५८ या काळात इंग्लंडमधल्या सोलिहलच्या कारखान्यातून निघालेली पहिल्या मालिकेची चौकोनी पेटी, चहामळ्यांच्या गोऱ्या साहेबांच्या काळात इथे आलेली. साहेब गेले, गाड्या राहिल्या. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून रोव्हर कंपनीने या गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा चढवला होता. पूर्व हिमालयातल्या धुक्यापावसात तो गंजला नाही, हे मानेभंजनचं नशीब.

मात्र या गाड्या सुरू झाल्या की जाणत्याचे कान टवकारतात. पेट्रोल इंजिनाची मऊ घरघर येत नाही. खडखड-खडखड असा डिझेलचा आवाज येतो. बॉनेट उघडलं की उलगडा होतो. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या पोटात महिंद्राचं डिझेल इंजिन बसलेलं आहे.

ही काही हौस नव्हे. सुरुवातीच्या गाड्यांचं मूळ इंजिन १५९५ सीसीचं, ५० अश्वशक्तीच्या आसपासचं पेट्रोल इंजिन. त्याचा पिस्टन किंवा व्हॉल्व्ह मागवायचा तर विलायतेकडे तोंड करायचं. महिंद्राचं इंजिन सिलिगुडीच्या कुठल्याही मेकॅनिकने दहा वेळा उघडलेलं असणार, आणि नोझलपासून गॅस्केटपर्यंत सगळं बाजारात मिळणार. शिवाय डिझेल स्वस्त. डोंगरात दिवसाला एक फेरी मारून पोट भरणाऱ्या माणसाला याहून वेगळं कारण लागत नाही.

मोटारप्रेमी मंडळी हे ऐकून हळहळतात. इतकी दुर्मीळ गाडी आणि तिच्यात जीपचं इंजिन! पण लँड रोव्हरचा जन्म कसा झाला, हे पाहिलं की हळहळ जरा आवरते. १९४७ साली रोव्हरचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांच्या अँगल्सी बेटावरच्या शेतात युद्धातली एक विलीज जीप राबत होती. तिला पर्याय म्हणून त्यांनी जो पहिला नमुना करवून घेतला, तो जीपच्याच चेसिसवर उभा होता. त्यात इंजिन बसवलं रोव्हरच्या मोटारीचं. पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात जी लँड रोव्हर मांडली गेली, तिची सुरुवातच मुळी जीपमध्ये दुसऱ्याचं इंजिन टाकण्यापासून झाली. आता लँड रोव्हरमध्ये जीपवाल्यांचं इंजिन बसलं असेल तर ती फिटंफाट म्हणायची.

आपल्याकडची जीप तरी कुठे वेगळी? मुंबईत माझगावला महिंद्राने विलीजच्या जीपगाड्या जोडायला सुरुवात केली, त्यानंतर जे मॉडेल इथे वर्षानुवर्षं चाललं ते १९५३ सालचं सीजे-३बी. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी पोलीस ठाण्यात, पाटबंधारे खात्यात, निवडणुकीच्या धुरळ्यात पाहिलेली जीप ती हीच. तिचं कपाळ उंच. सैन्यातल्या मूळ जीपचं बॉनेट बसकं होतं. मग हे असं का? तर विलीजने इंजिन बदललं. जुन्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. ‘हरिकेन’ नावाच्या नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, ताकद साठावरून सत्तरीच्या पुढे गेली, पण इंजिन उंच झालं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग कंपनीने सरळ बॉनेटच वर उचललं. गॅरेजमध्ये एखादा मिस्त्री करील तेच कारखान्याने केलं, आणि आपण त्या उंच कपाळालाच जीपचा चेहरा समजत आलो. गंमत म्हणजे लँड रोव्हरच्या त्या १५९५ सीसीच्या इंजिनातही व्हॉल्व्हची मांडणी अशीच, निम्मे वर, निम्मे खाली.

पुढची अदलाबदल डिझेलची. महिंद्राच्या घरात एक डिझेल इंजिन आधीच नांदत होतं. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या भागीदारीत १९६३पासून जो बी-२७५ ट्रॅक्टर होऊ लागला, त्याचं. साधारण साडेतेवीसशे सीसीचं हे इंजिन महिंद्राने जीपमध्येही घातलं. नांगराला जुंपायचा बैल टांग्याला जुंपावा तसा तो प्रकार. ओढायला दांडगा, पळायला नाखूश. जीपच्या अ‍ॅक्सलमधलं गुणोत्तर ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट पाच वेळा आणि वर थोडा फिरणार. सहा-सोळाच्या टायरवर टॉप गिअरमध्ये इंजिनाचे ३००० फेरे झाले की गाडी ताशी पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास पोचते. ट्रॅक्टरच्या वळणाच्या इंजिनाची धाव तिथेच संपते. त्यानंतर प्यूजोच्या परवान्याचं एक्सडीपी ४.९० आलं. नावातच सगळं आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. २११२ सीसी, ६२ अश्वशक्ती, आणि फेरे घ्यायला तयार. महिंद्राने ही इंजिनं इगतपुरीच्या कारखान्यात बनवली. एमएम ५४०मध्ये हेच इंजिन होतं. अपघातात निकामी झालेल्या गाड्यांतून ती मग सुटी होऊन भंगारबाजारात यायला लागली आणि जुन्या पेट्रोल जीपवाल्यांचे डोळे लकाकले.

‘गाडी डिझेल केली’ हा वाक्प्रयोग तेव्हाचा. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप चालवणाऱ्याला लिलावात घेतलेली पेट्रोल जीप परवडणं शक्यच नव्हतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात इंजिन बघायचं, ऑइल घालायच्या तोंडातून धूर किती येतो ते पाहायचं, घासाघीस करायची आणि टेम्पोत टाकून गावी आणायचं. इथवर सोपं.

खरं काम सुरू होतं ते चेनकप्पीला इंजिन टांगल्यावर. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची तोंडं एकमेकांशी जुळत नाहीत. बोल्टची भोकं भलतीकडे, सेल्फची जागा भलतीकडे. मधे एक जाड लोखंडी प्लेट घालावी लागते. तिच्या एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला हाउसिंगची. भोकं पाडणं कुणालाही जमतं. मध्य साधणं जमत नाही. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवेत. चांगला टर्नर फ्लायव्हीलवर डायल लावतो, त्याची सुई हाउसिंगच्या आतल्या कडेला टेकवतो आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवतो. सुई पाच थाऊच्या पलीकडे गेली, म्हणजे इंचाच्या पाच हजारांश भागांहून जास्त हलली, की प्लेट सैल करून सरकवायची आणि पुन्हा फिरवायची. यात अर्धा दिवस जातो. ज्याने हा अर्धा दिवस वाचवला त्याचं गिऱ्हाईक सहा महिन्यांनी परत येतं. क्लच थरथरतोय, गिअर सुटतोय, पुढचं बेअरिंग गुंऽऽ करतंय, अशी रड घेऊन.

प्लेटमुळे आणखी एक पंचाईत होते. तिच्या जाडीएवढा गिअरबॉक्स मागे सरकतो, आणि शाफ्टचं टोक क्रँकमधल्या बुशापर्यंत पोचत नाही. मग गनमेटलचा लांब बुश लेथवर करून घ्यायचा. क्लचप्लेट तर दोन घरची लागते. बाहेरची चकती नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या मापाची, मधला दात्यांचा गोळा जुन्या शाफ्टच्या मापाचा. दोन प्लेटा सोडवून त्यांची एक करायची. हे काम करणारे कारागीर वेगळे, आणि ते आपलं माप सहसा दुसऱ्याला सांगत नाहीत.

एवढं झालं तरी इंजिन बसतंच असं नाही. खाली पुढचा अ‍ॅक्सल आहे. जीपमध्ये आणि लँड रोव्हरमध्येही डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसून उजवीकडे असतो, आणि गाडी खड्ड्यात आपटली की तो थेट ऑइलच्या चेंबरवर येतो. चेंबर कापून, उथळ करून वेल्ड करायचा. इंजिन मागे घ्यावं तर फायरवॉल, पुढे घ्यावं तर पंखा रेडिएटरला घासतो. डिझेलची थरथर जास्त म्हणून फाउंडेशनचे रबर वेगळे. आणि एक मजेशीर घोळ वायपरचा! जुन्या जीपचा वायपर पेट्रोल इंजिनाच्या ओढीवर, व्हॅक्यूमवर चालायचा. डिझेलला तशी ओढच नसते. नवशिक्या मिस्त्रीने केलेली गाडी पहिल्या पावसात घाटात आंधळी होत असे. तीच गत चावीची. चावी फिरवून यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन बंद होत नाही, त्याचं डिझेलच तोडावं लागतं. म्हणून डॅशबोर्डखाली ओढायची एक तार येते, आणि गाडी उधार नेणारा मित्र किल्ली खिशात टाकून चालू गाडीकडे बघत उभा राहतो.

पेट्रोल जीपचं हे झालं. भारतात या विद्येचे इतरही मठ आहेत. हरियाणातल्या मंडी डबवालीत सैन्याच्या मोडीतल्या सामानातून जीप उभी करून मागाल ते इंजिन घालून देतात. जबलपूरच्या कारखान्यात बनलेली लष्कराची जोंगा, निस्सानच्या ३९५६ सीसीच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची, लिलावात स्वस्त मिळायची. तिची तहान भागवताना मालक मेटाकुटीला यायचा आणि ट्रकचं डिझेल इंजिन शोधायला निघायचा. उलट १९८५च्या मारुती जिप्सीला ९७० सीसीचं इंजिन अपुरं पडे. तिच्यात त्याच घराण्यातलं एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन घालणं हा त्या मानाने सोयरिकीतला व्यवहार. शिवाय जिप्सीचा फोर-व्हीलचा डबा गिअरबॉक्सपासून अलग, मधे छोटा शाफ्ट. त्यामुळे पुढे काहीही बदललं तरी मागचं हलत नाही.

कायद्याला हे सगळं पसंत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं आणि हौशी मंडळींची धाबी दणाणली. डिझेल करण्यामागचं अर्थकारणही विरलंय. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि पेट्रोलशी असलेलं अंतर आटलं. आता सरळ मार्गाने बदल करायचा तर मान्यताप्राप्त किट लागतं. जुन्या गाडीत विजेची मोटर बसवण्याची किटं पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत तपासून घ्यावी लागतात. तिथे पुन्हा प्लेट आली, पुन्हा मध्य साधणं आलं. फक्त धूर नाही.

संदकफूच्या रस्त्याला आता बराचसा काँक्रीटचा थर बसलाय आणि त्यावर बोलेरो धावतात. लँड रोव्हर अजून चढतात, पण सावकाश. वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्याच हिशोबाने घटते, बासष्टची चाळीस होते. पंप मात्र डिझेल तेवढंच देतो, म्हणून मागे काळा धूर. रेडिएटरमधलं साधं पाणी तिथे ८८ अंशांलाच उकळू लागेल, म्हणून वाटेत थांबे. पण पंपातला गव्हर्नर फेरे पडू देत नाही. दगडावर चाक चढताना ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून घेतो आणि गाडी आपली आपण रांगत वर येते. पेट्रोल इंजिन अशा जागी दोनदा बंद पडलं असतं.

या गाड्यांच्या पुढच्या बंपरला मधोमध एक गोल भोक असतं. पूर्वी त्यातून हँडल घालून इंजिन फिरवत. पेट्रोल इंजिनात हवा सातपट दाबली जायची, दमदार माणसाला एक हिसका पुरायचा. प्यूजोच्या डिझेलमध्ये ती बावीसपट दाबली जाते. पहिलवान आणला तरी हँडल हलायचं नाही. थंडीच्या पहाटे बॅटरीने मान टाकली तर गाडी ढकलून उताराला लावतात, दुसरा गिअर टाकतात आणि क्लच सोडतात.