वाम की दिवड? दगड उचलायच्या आधी एकदा नीट बघा

कामतघर (भिवंडी) : पाऊस सुरू झाला की वऱ्हाळा तलावाच्या काठी गळ टाकणाऱ्या पोरांची गर्दी होते. गेल्या आठवड्यात एकाच्या गळाला हातभर लांब, काळपट, वळवळणारं काहीतरी लागलं. साप, साप म्हणून ओरडा झाला आणि कोणीतरी दगडानं त्याचं डोकं ठेचलं. मागून एका म्हाताऱ्या काकांनी उचलून बघितलं तर वाम! बाजारात पैसे मोजून आणतो तो मासा. पोरं खजील झाली. पण खरं सांगायचं तर आपण मोठी माणसंही लांबट आणि बिनपायाचं काही दिसलं की हेच करतो.

त्याच तलावात दिवडही असते. ती साप आहे, बिनविषारी आहे. दोघींतला फरक ओळखायला शाळा लागत नाही. वामेचं अंग बुळबुळीत, डोक्यामागे कल्ल्याची फट, त्यामागे बारीक पर आणि पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेली पराची झालर. दिवडीचं अंग कोरडं, खवल्यांचं. तिला फुप्फुसं असतात, म्हणून श्वास घ्यायला नाक पाण्याबाहेर काढावंच लागतं. वाम मत्स्य वर्गातली, दिवड सरीसृप वर्गातली. दोघींत सारखं काय, तर पाठीचा कणा.

कणा असलेल्या प्राण्यांना पुस्तकात पृष्ठवंशीय म्हणतात. मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन हे त्यांचे मुख्य गट. जबडा नसलेल्या चक्रमुखी प्राण्यांचा आणखी एक गट आहे, तो आपल्या शेतात किंवा तळ्यात दिसायचा नाही. गांडुळाला कणा नाही. बाजारात आपण सगळ्यालाच मासळी म्हणतो, पण कोळंबी, चिंबोरी, खुबे यांनाही कणा नाही, म्हणजे ते मासे नव्हेत. मुशी मात्र मासाच, फक्त तिचा कणा हाडाचा नसून कूर्चेचा. मणक्यांचा हिशोबही गमतीचा आहे. बेडकाला जेमतेम नऊ-दहा, सापाला दोनशेच्या पुढे. माणसाच्या मानेत सात आणि जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच!

माशांबद्दल एक सांगतो. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून शेतात चढतात ते अंडी घालायला. तेव्हाच आपण ते टोपलीनं भरून आणतो आणि मग दिवाळीला म्हणतो, ओढ्यात मासाच राहिला नाही.

त्याच दिवसांत पिवळाधमक होऊन ओरडणारा मोठा बेडूक हा उभयचर. लहानपणी पाण्यात कल्ल्यांवर जगतो, मोठेपणी फुप्फुसांनी आणि ओल्या कातडीनंही श्वास घेतो. अशा कातडीतून शेतात मारलेलं औषधही त्याच्या अंगात शिरतं. परदेशात बेडकांच्या तंगड्या पाठवण्यावर सरकारनं 1987 साली बंदी घातली. आपल्याकडं अजून रात्री बॅटऱ्या घेऊन बेडूक धरणारे आहेत. सह्याद्रीच्या ओल्या मातीत देवगांडूळ नावाचा बिनपायाचा प्राणी सापडतो. दिसायला गांडुळासारखा, लोक साप समजून मारतात, आणि आहे बेडकाच्या गटातला. विष चढवायला त्याला सापासारखे दातच नाहीत.

आता सरीसृप. खरा घोळ इथंच आहे. सापसुरळीला पाय असूनही लोक तिला विषारी म्हणतात. तिला विष नाही. मांडुळाला दोन तोंडं नसतात, शेपटी बोथट असते एवढंच. ते विकणं आणि पकडणं गुन्हा आहे, तरी त्यापायी माणसं तुरुंगात जातात.

आणि धामण. ती म्हशीच्या पायांना वेढा घालून दूध पिते, हे मी माझ्या आजीकडून ऐकलं आणि चाळिशीपर्यंत खरंही मानलं. जरा विचार करा. दूध पाजणं आणि पिणं हे सस्तन प्राण्यांचं काम. सापाचं पिल्लू जन्मापासून दूध पीत नाही. ओठच नाहीत, तर चोखणार कसं? तरी दोन वर्षांपूर्वी पेंढ्याच्या उडवीत निघालेली धामण मीच काठीनं मारली. त्या हिवाळ्यात उंदरांनी कणगी पोखरली आणि बियाण्याचं भातही कुरतडलं. म्हशीचं दूध काही वाढलं नाही.

साप अंडी घालतात हेही अर्धंच खरं. घोणस आणि फुरसं थेट पिल्लांना जन्म देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः या चौघांच्या दंशानं. सरीसृपांचं रक्त बाहेरच्या हवेप्रमाणे थंड-गरम होतं. एक उंदीर गिळला की बरेच दिवस निभतं. पावसात बिळं भरली की ते घरात शिरतात, उंदरांच्या मागे आणि कोरड्या जागेसाठी.

पक्षी सोपे आहेत. पिसं ज्याला, तो पक्षी. त्यांची बरीच हाडं पोकळ, म्हणून अंग हलकं. ठाणे खाडीत येणारे फ्लेमिंगो आणि आपल्या अंगणातली कोंबडी एकाच वर्गातले. वटवाघूळ मात्र उडत असलं तरी पक्षी नाही. त्याला पिसं नाहीत, अंगावर केस आहेत आणि ते पिल्लाला दूध पाजतं. म्हणजे ते गाय, उंदीर आणि आपल्या गटातलं.

सर्पदंशावरची लस घोड्यापासून बनते. थोडं थोडं विष टोचत गेलं की घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो, तोच शुद्ध करून बाटलीत भरतात. मुंबईच्या परळमधल्या हाफकिनचं नाव या कामासाठी जुनं आहे. ती चारही मुख्य विषारी सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, तर पित्त समजून थांबू नका. दंशाची जागा कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. माणसाला चालवू नका, हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, 108 ला फोन लावा आणि सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

यंदा माझ्या उडवीत पुन्हा एक धामण आली आहे. घरच्यांना सांगितलंय, राहू दे तिला.