कुलाबा किल्ला आणि ओहोटीची वेळ

संस्कृतांत ‘वेला’ या एकाच शब्दाचे काल, समुद्रकिनारा आणि भरती असे तीन अर्थ होतात. मराठींतील ‘वेळ’ हा त्याचाच वंशज होय. या तिन्ही अर्थांचा मेळ पाहावयाचा असल्यास अलिबागेसमोरील कुलाबा किल्ल्यास जावें. भरतींत तो बेट असतो; ओहोटींत वाळू व खडक उघडे पडून मनुष्य पायीं ईशान्येकडील महादरवाज्यापर्यंत पोंचतो. तेव्हां तेथें जाणाराची सुरक्षितता व किल्ल्याचा इतिहास या दोहोंचें मूळ ओहोटीच्या गणितांत आहे.

हें गणित पंचांगावरून करतां येतें. चालू पक्षाच्या तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीचा स्थूल तास निघतो. त्याच्या मागें-पुढें सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. द्वादशीस ९ वाजतां भरती, म्हणून दुपारीं सव्वातीनच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस ऐन दुपारीं ओहोटी येते खरी, परंतु तो भांगाचा काळ. पाणी पुरतें हटत नाहीं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणांत तें दूर जातें, पण ओहोटी पहांटे व सायंकाळीं पडते. यास्तव द्वादशी-त्रयोदशीची दुपार किंवा तृतीया-चतुर्थीची सकाळ सोयीची.

ओहोटी पूर्ण होण्यापूर्वीं तासभर वाळूंत उतरावें व पूर्ण झाल्यावर तासाभरांत परतावें. भरती आरंभीं मंद असते. परंतु तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून एकंदर चढीपैकीं सुमारें निम्मी होते. किल्ल्यांत रेंगाळणारा फसतो तो या तासांत. पंचांगाचा हिशेब स्थूल असल्यानें भरतीचें छापील कोष्टक पाहावें, स्थानिक कोळ्यांचा शब्द मानावा, आणि पावसाळ्यांत जाऊंच नये.

मिळालेल्या अवधींत दोन गोष्टी अवश्य पाहाव्या. राघोजी आंग्रे यांनीं १७५९ त बांधविलेलें गणेशमंदिर व त्याजवळील गोड्या पाण्याचें तळें ही एक; आणि चुन्यावांचून रचलेला तट ही दुसरी. मोठाल्या दगडांमधील फटींत लाटेचा जोर जिरतो.

किल्ल्याचा आरंभ शिवछत्रपतींनीं १६८० त केला. काम संभाजी महाराजांच्या काळांत पुरें झालें. पुढें तो कान्होजी आंग्रे यांचें मुख्य ठाणें झाला व १७२९ त ते तेथेंच निवर्तले. दिवसांतून दोनदां जमिनीशीं जोडला जाणारा हा जलदुर्ग राखावयाचा तर किनाराही हातीं हवा. १७२० त किनाऱ्यावर बांधलेला हिराकोट याच गरजेंतून उभा राहिला, असें अनुमान होतें. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनीं संयुक्त स्वारी केली, ती फसली.

अशा प्रसंगांचा अभ्यास करणाऱ्यास आपलीं कागदपत्रें विशेष उपयोगीं आहेत. त्यांत मिति तिथीनें दिलेली असते, म्हणजे त्या दिवशींची भरतीही जणूं नोंदलेली असते. युरोपीय कागदांत मात्र सावध राहावें. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी गणना चालवीत, पोर्तुगिजांनीं नवी १५८२ तच स्वीकारली होती; १७२१ त दोहोंत ११ दिवसांचें अंतर होतें. तें न जमविल्यास भरतीची वेळ सुमारें आठ-नऊ तासांनीं चुकते, आणि जेथें कोरडी वाळू होती तेथें संशोधक समुद्र कल्पितो. म्हणून कुलाब्याची कोणतीही लढाई लिहिण्यापूर्वीं तिची तिथि निश्चित करावी.