रविवारचे अंगण

मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी, ही मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मांडली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. परंतु सुट्टी मिळाली म्हणजे ती आनंदात जातेच असे नाही. या दुसऱ्या प्रश्नाला इटलीतील तुरिन शहरात एका तरुण कॅथलिक धर्मगुरूने त्याआधीच हात घातला होता. माटुंग्याच्या शाळेमुळे ‘डॉन बॉस्को’ हे त्यांचे नाव मुंबईकरांच्या परिचयाचे आहे.

तुरिन तेव्हा वाढत होते. आसपासच्या खेड्यांतून आणि डोंगराळ मुलखातून पोरे गवंड्यांच्या हाताखाली राबण्यास किंवा धुराडी साफ करण्यास शहरात येत. आठवडाभर कामाचा रगाडा असे. रविवारी मात्र त्यांना ओळखीचा उंबरठा नसे. रस्त्यावरची भटकंती अनेकांना तुरुंगापर्यंत नेई. तुरुंगात जाऊन बॉस्कोंनी पाहिले, की सुटलेली मुले पुन्हा तेथेच परततात. कारण बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणी नसते.

८ डिसेंबर १८४१ रोजी चर्चमध्ये शिरलेल्या एका पोरक्या गवंडी मुलाला तेथील सेवकाने मारून हाकलले. बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. वाचता येते का, लिहिता येते का, या प्रश्नांना त्याचे उत्तर ‘नाही’ असेच होते. शिटी वाजवता येते का, असे विचारताच तो हसला, असे चरित्रकार सांगतात. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला आणि मेळा वाढत गेला.

या मेळ्यात मिस्सा आणि धर्मशिक्षण होते. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण त्यासोबत खेळ, गाणी आणि लांबच्या सहली होत्या, वाचन-लेखनाचे वर्ग होते. बालपणी दोरीवरच्या कसरती शिकलेले बॉस्को स्वतः मुलांत खेळत. सोमवार उजाडला म्हणून नातेही संपत नसे. मुले काम करीत तेथे जाऊन ते विचारपूस करीत. पुढे शिकाऊ मुलांसाठी त्यांनी मालकांशी लेखी करारही केले.

मुलांच्या गोंगाटाला शेजारी कंटाळले आणि मेळ्याला जागेमागून जागा सोडावी लागली. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोक्को भागातील एका बुटक्या पडवीत त्याला ठाव मिळाला. त्याच उन्हाळ्यात बॉस्को मरणाच्या दारी पोहोचले, तेव्हा दिवसभर विटा वाहणाऱ्या पोरांनी उपास धरले, रात्री प्रार्थनेत जागवल्या. रविवारच्या खेळातून केवढा जिव्हाळा निर्माण झाला होता, याची याहून मोठी साक्ष कोणती?

हा आनंद खर्चाचा नव्हता. आपले नाव कोणी तरी जाणते, आपण आलो नाही तर कोणाला तरी चुकल्यासारखे वाटते, एवढ्यावरच तो उभा होता. वसईच्या मराठी भाषक धर्मग्रामांतील तरुण मंडळी आजही मिस्सेनंतर गायनाच्या किंवा नाटकाच्या तालमीला थांबतात, तेव्हा त्यांना हाच लाभ होतो. हा लाभ एका धर्माची मिरास नव्हे. सेवादलाच्या मैदानावर आणि गावच्या भजनी मंडळातही तो अनेकांनी घेतला आहे.

आज मध्यमवर्गीय घरांतील मुलांच्या वाट्याला तुरिनच्या पोरांचे दैन्य नाही, हे खरे. पण त्यांचा रविवार सकाळी शिकवणी वर्ग घेतो आणि उरलेला मोबाइल. अभ्यास बुडू नये, ही पालकांची चिंता रास्तच आहे. तथापि सातही दिवस स्पर्धेत उभ्या असलेल्या मुलाला ज्याच्याशी स्पर्धा करावयाची नाही, असा सोबती कोठे भेटणार? शाळांची मैदाने सुट्टीच्या दिवशी कुलपात असतात. ती उघडली आणि एखाद्या शिक्षकाने तेथे दोन तास दिले, तरी पुष्कळ होईल. लोखंड्यांनी झगडून मिळवलेला दिवस मुलांच्या हाती परत देण्याची ती चांगली सुरुवात ठरेल.