५० मिमी एफ/१.८ भिंग

५० मिमी एफ/१.८ भिंग हे ५० मिलिमीटर नाभीय अंतर आणि एफ/१.८ इतके कमाल छिद्र असलेले, झूमची सोय नसलेले छायाचित्रण भिंग होय. अशा झूमविरहित भिंगांना प्राइम लेन्स म्हणतात. ३५ मिमी फिल्मच्या किंवा तितक्याच मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हे भिंग प्रमाण भिंग, म्हणजे स्टँडर्ड लेन्स, ठरते. कॅनन, निकॉन, सोनी यांसारख्या अनेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त भिंगांमध्ये त्याची गणना होते. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या झूम भिंगानंतर घेतले जाणारे दुसरे भिंग पुष्कळदा हेच असते. इंग्रजी भाषिक छायाचित्रकारांत ते ‘निफ्टी फिफ्टी’ या टोपणनावाने परिचित आहे. कमी प्रकाशात फ्लॅशशिवाय छायाचित्र घेता येणे हा त्याचा मुख्य गुण आहे. मात्र लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ते प्रमाण भिंग राहत नाही, आणि नेमकी हीच बाब खरेदीच्या वेळी नजरेआड होते.

‘प्रमाण’ या संज्ञेचा अर्थ

ज्या भिंगाचे नाभीय अंतर फिल्मच्या किंवा सेन्सरच्या कर्णाइतके असते, त्याला प्रमाण भिंग म्हणण्याची पद्धत आहे. ३६ × २४ मिमी चौकटीचा कर्ण सुमारे ४३.३ मिमी भरतो. ५० मिमी हा आकडा त्याहून थोडा मोठा असला तरी तोच रूढ झाला. १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत प्रदर्शित झालेल्या लायका कॅमेऱ्याला ५० मिमीचे भिंग होते. ऑस्कर बार्नाक यांनी हा कॅमेरा घडवला, तर भिंगाची रचना माक्स बेरेक यांची होती. पुढील छोट्या कॅमेऱ्यांनी बव्हंशी हाच पायंडा पाळला. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतांश काम लायका आणि ५० मिमी भिंगावर केले. १९४७-४८ मधील त्यांच्या भारतभेटीतील छायाचित्रेही याच काळातील आहेत.

हे भिंग ‘डोळ्याला दिसते तसे’ दृश्य टिपते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. दृश्यातील वस्तूंचे एकमेकींशी दिसणारे प्रमाण कॅमेरा कोठे उभा आहे यावर ठरते, भिंगावर नव्हे. भिंग केवळ किती भाग चौकटीत घ्यायचा हे ठरवते. ५० मिमी भिंगाचा कर्णरेषेवरील दृष्टिकोन सुमारे ४७ अंश असतो. इतक्या कोनात माणसाचा चेहरा फुगलेला दिसत नाही आणि पार्श्वभूमीही माणसाला अगदी चिकटल्यासारखी वाटत नाही. त्यामुळे चित्र ‘नैसर्गिक’ भासते, इतकेच.

रचना आणि अल्प किमतीची कारणे

हे भिंग स्वस्त असण्याचे कारण त्याच्या प्रकाशीय रचनेत आहे. बहुतेक ५० मिमी एफ/१.८ भिंगे ‘डबल गाउस’ नावाच्या आराखड्यावर आधारलेली आहेत. कार्ल झाइस कंपनीतील पाउल रुडोल्फ यांनी १८९६ साली या आराखड्यावरील ‘प्लानार’ भिंग तयार केले. त्यात छिद्राच्या दोन्ही बाजूंना एकमेकांची जवळजवळ आरशातील प्रतिबिंबे वाटावीत असे काचांचे दोन गट असतात. पुढच्या गटाने निर्माण केलेले काही दोष मागचा गट आपोआप खोडून काढतो. त्यामुळे सरळ रेषा वाकण्यासारख्या दोषांसाठी वेगळ्या महागड्या काचा लागत नाहीत. सहा साध्या गोलीय काचांत काम भागते. अनेक पृष्ठभागांवरून होणारे प्रकाशाचे परावर्तन ही प्लानारची जुनी अडचण होती. १९३५ साली झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनविरोधी लेपाचे पेटंट घेतल्यानंतर ही अडचण सुटत गेली.

दुसरे कारण एसएलआर कॅमेऱ्यातील आरशाशी निगडित आहे. अशा कॅमेऱ्यात भिंग आणि सेन्सर यांच्यामध्ये हलणाऱ्या आरशाला जागा सोडावी लागते. भिंग बसवण्याच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर कॅननच्या ईएफ पद्धतीत ४४ मिमी, तर निकॉनच्या एफ पद्धतीत ४६.५ मिमी आहे. ५० मिमीचे नाभीय अंतर याहून थोडेसे अधिक असल्याने साधा डबल गाउस आराखडा तेथे सहज बसतो. ३५ किंवा २४ मिमीच्या भिंगात मात्र प्रतिमा मागे ढकलण्यासाठी अधिक काचांची रचना करावी लागते आणि खर्च वाढतो. नाभीय अंतर कमी केल्यावर भिंग स्वस्त होईल अशी सामान्य अपेक्षा असते. या बाबतीत उलट घडते.

सहा काचा, प्लास्टिकचे आवरण आणि कित्येक वर्षे चाललेले मोठ्या प्रमाणावरील उत्पादन यांचा परिणाम किमतीत दिसतो. २०२० साली आलेल्या कॅनन आरएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम भिंगाची अमेरिकेतील आरंभीची किंमत १९९.९९ डॉलर होती. त्याच कंपनीच्या २०१८ मधील आरएफ ५० मिमी एफ/१.२ भिंगाची किंमत २,२९९ डॉलर होती. पहिल्याचे वजन १६० ग्रॅम, दुसऱ्याचे ९५० ग्रॅम. साडेअकरापट पैसे मोजून मिळणारा प्रकाश सव्वादोनपट असतो. महाग भिंगाची स्पष्टता आणि बांधणी निश्चितच सरस आहे. परंतु नवशिक्या छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा हिशेब महत्त्वाचा आहे.

प्रकाशग्रहण क्षमता

नवीन कॅमेऱ्यासोबत सामान्यतः १८-५५ मिमी एफ/३.५-५.६ हे झूम भिंग मिळते. ५० मिमीच्या आसपास त्याचे कमाल छिद्र एफ/५.६ इतके आकुंचित होते. एफ/१.८ वर सेन्सरवर पडणारा प्रकाश याच्या सुमारे साडेनऊ ते दहापट, म्हणजे तीन स्टॉपांहून थोडा अधिक असतो. रात्री दिव्याच्या उजेडातील सर्वसाधारण घरात आयएसओ १६०० ठेवल्यास एफ/५.६ वर शटरचा वेग सुमारे १/१५ सेकंद ठेवावा लागतो. एफ/१.८ वर तोच वेग १/१५० च्या जवळपास पोहोचतो. मूल मान वळवत असताना पहिल्या वेगावर चेहरा पुसट येतो, दुसऱ्या वेगावर स्पष्ट येतो.

अनेक झूम भिंगांत हाताचा कंप शोषून घेणारी स्थिरीकरणाची सोय असते, त्यामुळे मोठ्या छिद्राची गरज नाही, असा युक्तिवाद केला जातो. स्थिरीकरण कॅमेरा धरणाऱ्याच्या हाताचा कंप रोखते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. देव्हारा, इमारत किंवा निश्चल वस्तू यांसाठी ते पुरेसे असते, माणसांसाठी नसते.

मोठ्या छिद्राचा दुसरा परिणाम म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची उथळ खोली. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, दोन मीटर अंतरावरील व्यक्तीचे छायाचित्र एफ/१.८ वर घेतल्यास सुमारे १७ सेंटिमीटर खोलीचा पट्टाच स्पष्ट येतो. एक मीटरवर तो जेमतेम चार सेंटिमीटर उरतो. डोळा स्पष्ट आणि कान धूसर, असे चित्र त्यातून मिळते. पार्श्वभूमीतील पसारा विरघळून जात असल्याने व्यक्तिचित्रांसाठी हा परिणाम लोकप्रिय आहे. तथापि, समूहचित्रात दोन रांगांतील माणसे असतील तर एफ/१.८ वापरल्याने मागची रांग हमखास बिघडते. तेथे एफ/५.६ किंवा एफ/८ वापरणे आवश्यक ठरते. स्वस्त भिंगे पूर्ण उघड्या छिद्रावर थोडी मऊ असतात आणि उजेडातील कडांवर जांभळट झाक दिसते, एफ/२.८ ते एफ/४ दरम्यान स्पष्टता ठळकपणे सुधारते.

पुणे परिसरातील उपयोग आणि मर्यादा

या भिंगाचे गुणदोष ठरावीक परिसरातील प्रसंगांवरून अधिक स्पष्ट होतात. बिबवेवाडी हा पुणे शहराच्या दक्षिण भागातील, मार्केट यार्ड, सहकारनगर, धनकवडी आणि कोंढवा यांच्या सान्निध्यातील दाट वस्तीचा परिसर आहे. मार्केट यार्डातील फुलबाजारातील पहाटेची लगबग, गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपातील आरती, घरगुती बारसे किंवा वाढदिवस हे तेथील छायाचित्रकाराचे नेहमीचे विषय. या सर्वांत उजेड अपुरा आणि माणसे हलती असतात. आरतीच्या वेळी निरांजनाच्या ज्योतीचा तांबूस प्रकाश चेहऱ्यांवर असतो. फ्लॅश वापरला की तो नाहीसा होतो, आणि त्यासोबत छायाचित्र घेण्याचे कारणही. एफ/१.८ भिंग तो उजेड जसाच्या तसा राखते.

लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी आकाराच्या कॅमेऱ्यावर मात्र अडचण उद्भवते. पहिला कॅमेरा बहुधा याच प्रकारचा असतो. त्यावर ५० मिमी भिंगाची चौकट कॅननमध्ये ८० मिमी, तर निकॉन व सोनीमध्ये ७५ मिमी भिंगाइतकी अरुंद होते. १७० सेंटिमीटर उंचीची उभी व्यक्ती नखशिखांत चौकटीत बसवण्यासाठी पूर्ण आकाराच्या सेन्सरवर सुमारे २.४ मीटर अंतर पुरते. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरवर तेच अंतर ३.८ मीटर होते. सदनिकेतील दहा बाय बारा फुटांच्या खोलीची लांबी ३.६६ मीटर असते. भिंतीला पाठ टेकूनही काम भागत नाही. बारशाच्या वेळी पाळण्याभोवती जमलेल्या बायकांचे चित्र घेण्यासाठी छायाचित्रकाराला दाराबाहेर जिन्यात उभे राहावे लागावे, असा हा प्रकार आहे.

अशा कॅमेऱ्यावर प्रमाण भिंगाची जागा ३५ मिमीच्या आसपासचे भिंग घेते. निकॉनने २००९ साली लहान सेन्सरसाठी खास बनवलेले ३५ मिमी एफ/१.८ जी हे २०० ग्रॅम वजनाचे भिंग आणले. कॅननच्या २०१४ मधील २४ मिमी एफ/२.८ एसटीएम भिंगाची चौकट सुमारे ३८ मिमी इतकी पडते, मात्र त्याचे छिद्र लहान आहे. ज्यांना प्रामुख्याने व्यक्तिचित्रे घ्यायची आहेत त्यांना लहान सेन्सरवरही ५० मिमी उत्तम ठरते. घरातील प्रसंग टिपायचे असतील तर ३५ मिमीला प्राधान्य देणे हितावह आहे, मग ते थोडे महाग का असेना.

दूरच्या विषयांच्या बाबतीत हे भिंग अपुरे पडते. पद्मावती येथील अण्णाभाऊ साठे सभागृहासारख्या नाट्यगृहात रंगमंचापासून १५ मीटरवर बसलेल्याला पूर्ण आकाराच्या सेन्सरवर सुमारे ११ मीटर रुंदीचा भाग दिसतो. त्यात एकटा गायक ठिपक्याएवढा उरतो. मुकुंदनगरात भरणाऱ्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या विस्तीर्ण मंडपातही हीच स्थिती. विसर्जन मिरवणुकीत याउलट ढोल-ताशा पथक दोन-तीन मीटरवरून जाते आणि रात्र चढत जाते. तेथे हे भिंग आपल्या हक्काच्या जागी असते.

झूम नसल्यामुळे चौकट बदलण्यासाठी छायाचित्रकाराला स्वतः पुढे-मागे जावे लागते. त्यातून रचनेची जाण वाढते, असे मत शिकवणाऱ्यांकडून वारंवार मांडले जाते. ते खरे असले तरी गर्दीत किंवा अरुंद खोलीत सरकायला जागाच नसेल, तर या शिस्तीचा उपयोग होत नाही.

प्रचलित भिंगे

कॅननचे ईएफ ५० मिमी एफ/१.८ भिंग १९८७ साली आले. १९९० च्या दुसऱ्या आवृत्तीचे वजन १३० ग्रॅम आणि बसवण्याचे कडे प्लास्टिकचे होते. २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत धातूचे कडे परत आले, छिद्राची पाती पाचाऐवजी सात झाली आणि किमान अंतर ४५ वरून ३५ सेंटिमीटरवर आले. निकॉनच्या एएफ ५० मिमी एफ/१.८डी भिंगात स्वतःची मोटर नसल्याने डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांवर ते आपोआप फोकस करत नाही. जुन्या बाजारात हे भिंग स्वस्त मिळते, म्हणून ही बाब घेण्यापूर्वी तपासणे आवश्यक असते. २०११ मधील १.८जी भिंगात ही उणीव दूर झाली. सोनीचे एफई ५० मिमी एफ/१.८ भिंग २०१६ साली बाजारात आले.

एफ/१.८ म्हणजे स्वस्त, हे समीकरण मात्र सार्वत्रिक नाही. निकॉनच्या झेड मालिकेतील २०१८ च्या ५० मिमी एफ/१.८ एस भिंगात १२ काचा असून त्याचे वजन ४१५ ग्रॅम आहे. त्या मालिकेत स्वस्त प्रमाण भिंगाची गरज २०२१ मध्ये आलेल्या ४० मिमी एफ/२ ने भागवली.

निगा

दमट हवेत काचांवर बुरशी धरणे हा पावसाळ्यातील मोठा धोका आहे. कॅमेरा कापडी किंवा चामडी पिशवीत महिनोन्‌महिने बंद ठेवल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेच्या आतील बाजूस पसरतात आणि लेप कुरतडतात. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह भिंग ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. डब्यात साधा आर्द्रतामापक ठेवून पातळी ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखली जाते. सिलिका जेलचे रंगीत दाणे रंग बदलताच ते तापवून पुन्हा कोरडे करता येतात. जुने भिंग घेताना मागील बाजूने टॉर्चचा झोत टाकून, छिद्र पूर्ण उघडून पुढून पाहिल्यास बुरशी लगेच नजरेस पडते. इतक्या स्वस्त भिंगाच्या बाबतीत आतील काचा उघडून साफ करून घेण्याचा खर्च नव्या भिंगाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो, म्हणून बुरशी लागलेले भिंग कमी भावात मिळाले तरी टाळले जाते.