सत्तेचाळीस आणि चौऱ्याहत्तर

माझी भाची गणिताची शिक्षिका आहे. कांजूरमार्गच्या एका शाळेत तिने सहा वर्षे नोकरी केली आणि गेल्या एप्रिलमध्ये ती मस्कतच्या एका भारतीय शाळेत रुजू झाली. आज रविवार. तुम्ही चहा घेत ही पुरवणी चाळत असाल, पण तिचा हा आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. ओमानात सुटी शुक्रवार-शनिवारची असते.

परदेशी नोकरी म्हटले की आपल्याकडे बोलणे होते ते पगाराचे आणि कागदपत्रांचे. कागदांचे काम किचकट असले तरी त्याला ठरलेली वाट आहे. पदवीवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा 'ॲपोस्टिल' नावाचा. 1961 च्या हेग करारातले देश एकमेकांचा हा शिक्का मानतात. भारत 2005 पासून त्या करारात आहे, ओमानही आहे. तर शिक्के मिळाले, व्हिसा मिळाला. पुढे वर्गात काय होईल, त्याची हमी मात्र कुठलाच शिक्का देत नाही.

पहिल्याच आठवड्यात फोन आला. "मामू, मी सत्तेचाळीसच्या जागी चौऱ्याहत्तर लिहितेय."

मला आधी कळलेच नाही. मग तिने समजावले. तिचे शिक्षण दहावीपर्यंत मराठीत झालेले. डोक्यात अजून लसावि-मसावि चालतात आणि आकडेही मराठीच. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतो, चाळीस नंतर. इंग्रजीत उलटे. घाईत, घाबरल्यावर, कानाला आधी सात ऐकू येतो आणि हात आधी 7 लिहून मोकळा होतो. (2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आले, तेव्हा आपण केवढा गदारोळ केला! त्यामागची अडचण मला या फोननंतर कळली.) इकडे अडली तर मराठी शब्द हाताशी होता. तिकडे वर्गातली निम्मी मुले घरी मल्याळम बोलणारी, बाकी तमिळ, तेलुगू, उर्दू. मुले हसली. एका पालकाने तक्रार केली. शाळेने पहिल्या दिवशी वेळापत्रक हातात ठेवले होते, त्यापलीकडे काही नाही. आता मात्र बोलावून विचारले, "गणित नक्की येते ना?" करार दोन वर्षांचा आणि जाण्यासाठी काढलेले कर्ज डोक्यावर. "परत येऊ का?" असे ती विचारत होती.

घरातल्यांनी फोन माझ्या हातात दिला, कारण मला अरबी येते असा त्यांचा समज. मला अरबी वाचता येते, समजत नाही. लहानपणी कुराण वाचायला शिकलेल्या आमच्यापैकी अनेकांचे तसेच आहे. आणि तिची अडचण अरबीची नव्हतीच. देश परका होता, पण वर्गात बसलेली मुले आपल्याच देशातली होती.

कांजूरमार्ग स्टेशनबाहेरून पवईला शेअर रिक्षा जातात. त्या रस्त्याने जाताना मला हटकून आयआयटीत आलेल्या रशियनांची गोष्ट आठवते. ही संस्था 1958 मध्ये युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिली. पहिले 100 विद्यार्थी वरळीच्या तात्पुरत्या जागेत बसले आणि पवईची पायाभरणी नेहरूंनी 1959 मध्ये केली. 1956 ते 1973 या काळात सोव्हिएत रशियातून 59 तज्ज्ञ आणि 14 तंत्रज्ञ इथे आले. शिकवायचे इंग्रजीत, म्हणजे बोलणाऱ्याची भाषा परकी आणि ऐकणाऱ्याचीही. पण माझे लक्ष जाते ते दुसऱ्या एका आकड्याकडे. इथल्या अध्यापकांना रशियात जाऊन शिकता यावे म्हणून 27 शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. येणाऱ्याने जुळवून घ्यावे आणि यजमानाने नुसते बघत बसावे, असे ते काम नव्हते. भाचीच्या शाळेने एखादा जुना शिक्षक महिनाभर तिच्या सोबतीला दिला असता, तर तो फोन आलाच नसता, असे मला वाटते.

या मंडळींच्या मागे दोन सरकारे होती. मागे कुणीच नसेल तर? वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. त्यांना मायदेशी परतण्याची सोय नव्हती. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले हे गृहस्थ 1924 मध्ये मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत प्राध्यापक झाले. शिकवायचे स्पॅनिशमध्ये. आणि पीक कोणते? मका! माणसाने मका पहिल्यांदा पिकवला तो मेक्सिकोतच, सुमारे 9000 वर्षांपूर्वी. तिथल्या शेतकऱ्याला विदर्भातल्या माणसाने मक्याबद्दल काय सांगावे? खानखोजे त्या मक्यावरच काम करत राहिले, शेतकऱ्यांसाठीच्या मुक्त कृषिशाळांत गुंतले आणि 1930 मध्ये मक्याच्या नव्या वाणांवरची त्यांची पुस्तिका स्पॅनिशमध्ये निघाली. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवले. 1955 मध्ये ते नागपूरला परतले आणि 1967 मध्ये तिथेच वारले. चापिंगोत 2022 मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला.

हे सगळे मी भाचीला सांगितले. "मामू, पुतळा नको, दोन वर्षे निघाली तरी पुरे," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने फळ्यावर 47 लिहिले आणि मुलांना विचारले, तुमच्या घरी याला काय म्हणतात? मल्याळम, तमिळ, तेलुगूत चाळीस आधी, सात नंतर. उर्दूच्या 'सैंतालीस'मध्ये मराठीसारखाच सात आधी. एकक-दशकाचा तो तास घंटा झाली तरी संपला नाही म्हणे. आपण चौऱ्याहत्तर का लिहितो, हेही तिने मुलांना सांगून टाकले. आता हात चुकला की पहिल्या बाकावरची एक मुलगी फक्त बोट वर करते.

परवाच्या शुक्रवारी पुन्हा फोन आला. शाळेच्या बसपाशी एक वयस्क ओमानी गृहस्थ मुले मोजून आत सोडतात. त्यांच्या तोंडून तिने ऐकले, "सबआ व अरबईन."

"म्हणजे काय?" मी विचारले.

"सात आणि चाळीस, मामू. हे आपल्यासारखेच मोजतात."