विश्लेषण : माळ्यावरच्या सीडी-कॅसेट टीव्हीवर कशा आणायच्या? घरचा संग्रह का विस्कटतो?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतील जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत आणि घर रिकामे करताना माळ्यावरून हमखास एक खोके निघते. नाटकांच्या व्हीसीडी, चित्रपटांच्या डीव्हीडी, लग्नाची व्हीएचएस कॅसेट, बारशाची सीडी. भाड्याच्या घरात ते ठेवायला जागा नसते आणि टाकवतही नाही. जुना संगणक टीव्हीला जोडून हा ऐवज एका डिस्कवर आणता येतो. मात्र अनेकांचा उत्साह आठवडाभरात मावळतो. भलतेच पोस्टर दिसते, चित्रपट यादीत येत नाही, सबटायटलच्या जागी चौकोन उमटतात. यातील बहुतेक अडचणी संगणकाच्या नसून नावांच्या आणि फोल्डरच्या असतात.

काय लागते?

एचडीएमआय पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप किंवा लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि मोफत सॉफ्टवेअर. ‘कोडी’ची सुरुवात २००२ मध्ये एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठीचा प्लेअर म्हणून झाली, सध्याचे नाव त्याला २०१४ मध्ये मिळाले. संगणक थेट टीव्हीला जोडायचा असेल तर कोडी सोयीचे. संगणक आतल्या खोलीत ठेवून टीव्ही, मोबाइल असे सगळीकडे पाहायचे असेल तर ‘जेलिफिन’ घ्यावे. ते २०१८ मध्ये ‘एम्बी’ या सॉफ्टवेअरपासून वेगळे झाले. एका व्हीसीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटे मावतात, म्हणून नाटक दोन-तीन सीडींवर येते. १ टीबीच्या डिस्कवर अशा हजाराहून अधिक व्हीसीडी सहज बसतात.

सीडी आणि कॅसेटमधून चित्रण कसे काढायचे?

व्हीसीडीतील चित्रण ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ फाइलच्या रूपात असते. ही फाइल कॉपी केली की काम होते. व्हीएलसी प्लेअर ती चालवतो. कॉपी मध्येच अडली तर सीडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल घासू नये, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी.

व्हीएचएसचे काम वेळखाऊ आहे. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात आणि चालू व्हीसीआर लागतो. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे कॅसेट आधी, सीडी नंतर हा क्रम योग्य. मुंबईच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालू नये. हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते.

विकतच्या चित्रपटांबाबत एक पथ्य आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार, हक्कभंगाच्या हेतूने डिस्कवरील संरक्षक कुलूप तोडणे हा गुन्हा आहे.

भलतेच पोस्टर का येते?

सॉफ्टवेअर चित्रपट ‘पाहत’ नाही. ते फाइलचे किंवा फोल्डरचे नाव वाचून इंटरनेटवरील सूचीत शोधते. ‘श्यामची आई’ एवढेच नाव दिले, तर आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट की सुजय डहाके यांचा २०२३ चा, हे त्याला कसे कळणार? म्हणून प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर आणि नावापुढे कंसात वर्ष, हा पहिला नियम. मालिकेसाठी ‘एस’ या रोमन अक्षरापुढे सीझनचा आणि ‘ई’पुढे भागाचा दोन आकडी क्रमांक द्यावा. दोन सीडींच्या चित्रपटात नाव तेच ठेवून शेवटी रोमन लिपीत ‘सीडी१’, ‘सीडी२’ लिहिले की भाग एकत्र दिसतात.

मराठीत आणखी एक अडचण असते. ‘श्वास’मध्ये रोमन ‘ए’ एक की दोन? ‘बनवाबनवी’ एका शब्दात की दोन? सूचीतील स्पेलिंगशी मेळ बसला नाही तर जेलिफिनमधील ‘आयडेंटिफाय’ वापरून योग्य नोंद हाताने निवडावी. जुने नाटक सूचीत सापडलेच नाही, तर नाव आणि वर्ष स्वतः भरून सीडीच्या वेष्टनाचा फोटो पोस्टर म्हणून लावता येतो.

लग्न-बारशाच्या चित्रणासाठी वेगळा विभाग हवा. ते चित्रपटांत मिसळले तर सॉफ्टवेअर त्यालाही एखाद्या चित्रपटाचे नाव चिकटवते. जेलिफिनमध्ये ‘होम व्हिडीओ’ हा प्रकार निवडावा. नावात आधी वर्ष, मग महिना, तारीख आणि प्रसंग लिहिला की यादी आपोआप कालक्रमाने लागते.

बिघाड झाला तर काय तपासावे?

• सगळे चित्रपट गायब : घाबरू नये, फाइली बहुधा जागेवर असतात. बाहेरची डिस्क काढून पुन्हा लावल्यावर विंडोजने तिचे अक्षर ‘डी’चे ‘ई’ केले असेल, तर सॉफ्टवेअरला रस्ता सापडत नाही. अक्षर पूर्ववत करावे. डिस्क जोडलेली नसताना ‘स्कॅन’ किंवा ‘क्लीन’ करू नये. यादीतील नोंदी पुसल्या जाऊ शकतात.

• सबटायटलऐवजी चौकोन : सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘यूटीएफ-८’ या प्रकारात जतन करावी आणि देवनागरी असलेला फाँट निवडावा. तिचे नाव चित्रपटाच्या फाइलसारखेच हवे.

• मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नाही : पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आतला मजकूर आधी दुसरीकडे ठेवून तो ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करावा.

• चित्र अडखळते : दाटीच्या इमारतींत शेजाऱ्यांचे राउटर एकाच २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात असतात आणि तिथे एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच. लॅन केबल किंवा ५ गिगाहर्ट्‌झ वापरावे. केबल लावूनही अडखळत असेल तर जेलिफिनच्या डॅशबोर्डवर ‘ट्रान्सकोड’ दिसते का, ते पाहावे. टीव्हीला फाइलचा प्रकार चालत नसल्याने संगणक ती त्याच वेळी बदलत असतो आणि जुन्या प्रोसेसरला ते झेपत नाही.

एवढे केल्यावर खोके टाकावे का?

लगेच नाही. विकतचा चित्रपट पुन्हा मिळेल, आजीचा आवाज मिळणार नाही. घरच्या चित्रणाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातील एक घराबाहेर, हा जुना नियम इथेही लागू आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांत तळमजल्यांवर पाणी शिरले. अशा वेळी एकाच कपाटातील दोन प्रती एकाच प्रतीसारख्या. बोरिवलीत राहणाऱ्याने दुसरी डिस्क मुलुंडच्या बहिणीकडे ठेवावी आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या भेटीत, ती लावून चालते का ते पाहावे. तोवर खोके राहू द्यावे.